जुन्या मराठीचा अभ्यास आणि आपलें कर्तव्य

ता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळानें मराठी भाषेस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास संमति दिली. त्याच दिवशीं पाली, प्राकृत, असमिया व बंगाली या भाषांसही तो मान मिळाला. महाराष्ट्रांत या वार्तेनें जो आनंद झाला तो सर्वथा योग्य होता. कारण २०१२ सालीं प्रा. रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली तेव्हांपासून आपण या निर्णयाची वाट पाहत होतों. पण मान मिळणें निराळें आणि तो अंगीं बाणणें निराळें. एखाद्या पेढीचें नांव जुनें व मोठें असलें म्हणून तिच्या आजच्या मालकास तिचा जमाखर्च आपोआप समजत नाहीं. वह्या उघडाव्या लागतात, त्या वाचणारा माणूस ठेवावा लागतो आणि आकडे ताडून पाहावे लागतात. ज्या प्राचीनतेच्या बळावर हा दर्जा मिळाला, त्या प्राचीन मराठीचें एक पान तरी ज्यांस नीट लावतां येईल अशीं माणसें आज आपल्यांत किती आहेत, हा प्रश्न कोणास हिणविण्यासाठीं नव्हे, तर आपल्या घरचा हिशेब पाहण्यासाठीं आम्ही विचारीत आहों.

या प्रश्नाचें उत्तर केवळ सरकारी अनुदानांत नाहीं, आणि एखाद्या पंडिताच्या एकट्याच्या बुद्धींतही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. जुन्या मराठीविषयीं आज आपणांस जें कांहीं खात्रीनें ठाऊक आहे तें, पोथी जपणारा, ती वाचणारा, पदरचा पैसा खर्चणारा आणि दूरदेशाहून येऊन तिचा अभ्यास करणारा, अशा अनेकांनीं आपापल्या जवळचें धन एकमेकांपुढें उघडें केल्यामुळें मिळालेलें आहे. जेथें हें उघडेपण संपलें तेथें अभ्यासही थांबला. हें म्हणणें नुसत्या उपदेशाचें नव्हे. त्यास आधार काय, तो आम्ही वाचकांपुढें मांडतों.

प्रथम आमच्या व्यापारी वाचकांस जवळचें वाटेल असेंच एक उदाहरण घेऊं. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण म्हणून स्थान आहे. तेथील देवीच्या देवळांत शके ११२८ चा एक शिलालेख सांपडला. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. त्यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील स्थानिक राजांनीं त्या मठास दानें दिलीं, ही हकीकत लेखाच्या संस्कृत भागांत आहे. परंतु मठाचा रोजचा खर्च कसा चालावयाचा हें सांगण्याची वेळ येतांच लेख संस्कृत सोडून मराठींत उतरतो. पाटणच्या बाजारांत जें ‘केणें’ उघडलें जाईल, म्हणजे जो विक्रीचा माल येईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याकडे जाणारा कर मठास दिला, असें त्यांत सांगितलें आहे. तेलाच्या घाण्यावरील हक्कही त्यांत आहे. आठशें वर्षांपूर्वीं ज्योतिषाची विद्या बाजारपेठेच्या उत्पन्नावर पोसली जात होती, आणि ज्यांनीं तें उत्पन्न द्यावयाचें त्यांस कळावें म्हणून तो मजकूर त्यांच्या भाषेंत कोरला गेला. विद्या आणि व्यापार यांचा संबंध आपल्या देशांत किती जुना आहे, याचा हा दगडावरचा दाखला होय.

आतां हा मजकूर वाचणें सोपें आहे काय? त्यांत हा कर कोणाकडे जात असे तें सांगतांना ‘राउळ’ हा शब्द आला आहे. आज राउळ म्हटलें कीं आपणांस देऊळ आठवतें. हा आजचा अर्थ धरून कोणी लेख लावूं गेला तर राजाचा कर देवाच्या उत्पन्नांत जमा होईल, आणि दान देणाराच बदलून जाईल. राजकुल या संस्कृत शब्दाचें प्राकृतांतून राउळ झालें, हें व्युत्पत्ति जाणणारा सांगेल. महानुभावांच्या ग्रंथांत हाच शब्द श्रीगोविंदप्रभूंविषयीं आदरानें योजिला आहे, हें त्या पोथ्या वाचलेला सांगेल. दगडावरील झिजलेलें अक्षर ‘ल’ आहे कीं ‘न’, हें ठसे घेण्यांत मुरलेला सांगेल. आणि गिऱ्हाइकाकडून कर घेण्याची रीत बाजारांत कशी चालते, हें कदाचित् बाजारांत बसलेला माणूसच सर्वांत नीट सांगेल. एका शब्दासाठीं चार माणसें लागतात. हीं चारही अंगें एकाच पुरुषांत क्वचितच एकत्र सांपडतात. म्हणून सहकार्य ही या शास्त्रांत सौजन्याची बाब नसून गरजेची बाब आहे.

पाटणचा लेख आपल्या हातीं आला तोही अशाच अनेकांच्या हातांतून. त्याकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वेधलें तें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं, १८६५ सालीं. ते धंद्यानें वैद्य होते. मुंबईंत रोगी पाहून उरलेला वेळ आणि मिळविलेला पैसा ते शिलालेख व पोथ्या यांवर खर्च करीत. पुढें डॉ. कीलहॉर्न या जर्मन पंडितानें तो लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडांत संपादिला, हे गृहस्थ पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक होते. आणि १९६३ सालीं डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ पुणें विद्यापीठातर्फे प्रसिद्ध केला, त्यांत हा लेख इतर मराठी लेखांच्या पंक्तीस बसविला. एक मुंबईचा वैद्य, एक जर्मन अध्यापक आणि एक पुण्याचा प्राध्यापक, अशा तिघांच्या शंभर वर्षांच्या श्रमांतून तो मजकूर आज आपणांस वाचावयास मिळतो. त्यांतील पहिल्यानें जर ‘हें माझें’ म्हणून तो दडवून ठेविला असता, तर पुढच्या दोघांचें काम उभेंच राहिलें नसतें.

कोणी म्हणतील कीं, हें सहकार्य म्हणजे पाश्चात्त्यांपासून आलेली नवी रीत आहे. आम्हांस तें मान्य नाहीं. मराठींतील पहिला मोठा गद्य चरित्रग्रंथ जो लीळाचरित्र, तो याच रीतीनें तयार झाला आहे. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनीं श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्या एका आसनावर बसून नव्हे. ज्यानें जी लीळा पाहिली वा ऐकिली त्यास गांठून, विचारून, आणि नागदेवाचार्यांपाशीं ताडून पाहून. पुढें खिलजीच्या स्वारीच्या धामधुमींत मूळ पोथी हरवली असें पंथाची परंपरा सांगते. तेव्हां ज्यांस ती मुखोद्गत होती त्यांनीं आपापल्या स्मरणांतून ती पुन्हां उभी केली. त्यामुळें पाठभेद झाले. पण ते पाठभेद लपविण्यांत आले नाहींत. कोणता पाठ कोणाचा हें नांवानिशीं सांगण्याची पद्धति पडली. त्यांत हिराइसेचा पाठ हा विशेष प्रसिद्ध आहे, आणि हिराइसा ही स्त्री होती, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. ज्या काळांत स्त्रियांस अक्षरओळख देणें म्हणजे अधर्म असें मानणारे लोक सर्वत्र होते, त्या काळांत एका स्त्रीची स्मृति धर्मग्रंथाच्या पाठास प्रमाण धरली गेली. म्हणजे साक्षीदाराचें नांव सांगावें, त्याची साक्ष जशीच्या तशी ठेवावी, आणि साक्ष देणारा पुरुष कीं स्त्री हें न पाहतां तिचें वजन ठरवावें, हे आजच्या पाठचिकित्सेचे नियम आपल्याच एका पंथानें सातशें वर्षांपूर्वीं पाळले होते.

याच पंथाच्या इतिहासांत दुसरी बाजूही आहे. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहिण्यास आरंभ केला. अक्षरांची अदलाबदल करून लिहिलेला हा मजकूर बाहेरच्यास वाचतां येत नसे. छळाच्या व निंदेच्या काळांत आपलें धन राखण्याचा तो उपाय असेल; त्यास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्यांस या विपुल ग्रंथराशीची जवळजवळ गंधवार्ताही नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीचा उलगडा केला आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांनीं आपल्या ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या आवृत्तींत या ग्रंथकारांस स्थान दिलें, तेव्हां कोठें मराठी वाचकांस कळलें कीं आपल्या भाषेचें केवढें मोठें दालन कुलूप घालून पडलें होतें. पुढें यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, आणि वि. भि. कोलते यांनीं वऱ्हाडांतील मठांतून पोथ्या मिळवून त्यांचें संशोधन केलें. कुलपाची किल्ली विद्वानांनीं शोधली खरी, पण दार आंतून उघडलें तें मठांतील महंतांनीं. ज्या महंतांनीं विश्वासानें पोथ्या दाखविल्या, त्यांचे उपकार राजवाडे-भाव्यांच्या उपकारांहून कमी नाहींत.

परदेशी अभ्यासकांचा वाटाही न्यायबुद्धीनें सांगितला पाहिजे. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठी भाषेच्या घडणीवरील ग्रंथ १९२० सालीं पॅरिसहून प्रसिद्ध झाला. मराठीचा ऐतिहासिक विचार शास्त्रीय पद्धतीनें करणारा तो पहिला मोठा ग्रंथ होय, आणि वा. गो. परांजपे यांनीं १९४१ सालीं तो मराठींत आणला. लंडनचे इयन रेसाइड यांनीं १९६० सालीं महानुभाव ग्रंथांची सूचि प्रसिद्ध केली. आणि या सर्वांवर कळस चढविणारें काम म्हणजे डॉ. तुळपुळे व अमेरिकेंतील प्राध्यापिका अॅन फेल्डहाउस यांनीं मिळून रचिलेला प्राचीन मराठीचा कोश होय. हे दोघे त्यापूर्वीं स्मृतिस्थळाच्या इंग्रजी भाषांतरांतही एकत्र होते. तें भाषांतर १९९२ सालीं निघालें. १९९४ सालीं तुळपुळे निवर्तले. कोश अपुरा होता. अशा वेळीं अर्धें राहिलेलें काम गुंडाळून ठेवण्याची आपल्याकडील रीत सर्वांस ठाऊक आहे. पण फेल्डहाउसबाईंनीं तें तडीस नेलें आणि १९९९ सालीं मुंबईहून कोश प्रसिद्ध झाला. त्यावर दोघांचीं नांवें आहेत, आणि तुळपुळ्यांचें नांव पहिलें आहे. आज शिकागो विद्यापीठानें तो संगणकाच्या जाळ्यावर कोणासही पाहण्यास खुला ठेविला आहे. यवतमाळच्या वा बार्शीच्या एखाद्या विद्यार्थ्यास ज्ञानेश्वरींतील शब्द अडला तर तो घरबसल्या अमेरिकेंतील विद्यापीठाच्या दारांतून आंत जाऊन त्याचा अर्थ पाहूं शकतो. ही गोष्ट आनंदाची आहे आणि थोडीशी लाजेचीही आहे. कारण तें दार उघडण्याचें काम आपल्या एखाद्या संस्थेनें करावयास पाहिजे होतें.

परंतु सहकार्य म्हणजे केवळ गोड बोलणें नव्हे. त्यांत न्याय असला पाहिजे. १८३१ सालीं मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. आजही मराठी अभ्यासकाचें त्यावांचून चालत नाहीं. त्याच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ आणि त्यांचे सहायक दोघे कँडी बंधु, अशीं तीन इंग्रजांचीं नांवें आहेत. ज्या शास्त्रीमंडळींनीं गांवोगांवचे शब्द जमवून, अर्थ सांगून त्या कोशास देह दिला, त्यांचीं नांवें तेथें नाहींत. त्या काळच्या पंडितांनीं १८२९ सालीं ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ स्वतंत्रपणें सिद्ध केला होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत व त्यांचे सहकारी यांचीं नांवें आज किती सुशिक्षितांस माहीत आहेत? मोल्सवर्थ यांची थोरवी आम्ही अमान्य करीत नाहीं. पण १८३१ चें मुखपृष्ठ आणि १९९९ चें मुखपृष्ठ शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे मधल्या काळांत सहकार्याची नीति किती पुढें गेली हें दिसतें. एका ठिकाणीं एक मालक व बाकीचे अनाम. दुसऱ्या ठिकाणीं दोन समान भागीदार. तरीही पोथी झाडून-पुसून पुढें ठेवणारा मठांतील सेवक, मोडी वाचून देणारा वृद्ध कारकून, नकला करणारा गरीब विद्यार्थी, यांची नोंद आजही पुष्कळदां होत नाहीं. भागीदारींत ज्याची जितकी रक्कम, तितका त्याचा हिस्सा लिहावा लागतो; विद्येच्या भागीदारींत हा नियम शिथिल कां असावा?

आतां सहकार्याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात त्यांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, परका मनुष्य आपलीं साधनें नेऊन आपल्याच पूज्य पुरुषांची निंदा करील. हें भय निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एका अमेरिकन लेखकानें शिवछत्रपतींवरील आपल्या पुस्तकांत अत्यंत आक्षेपार्ह मजकूर घातला. पुण्यांतील इतिहासज्ञांनीं त्याचा निषेध केला, आणि २००३ सालींच प्रकाशकानें तें पुस्तक भारतांतून मागें घेतलें. येथें वाद संपावयास पाहिजे होता. परंतु त्या पुस्तकाच्या आभारांत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें नांव होतें, एवढ्यावरून ५ जानेवारी २००४ रोजीं जमावानें त्या संस्थेवर हल्ला करून ग्रंथांची व पोथ्यांची नासधूस केली. अपराध लेखकाचा, आणि शिक्षा पोथ्यांस! ज्या वारशाच्या अभिमानानें हात उगारला, तोच वारसा त्या हातानें फाडला गेला. यांतून पुढच्या ग्रंथपालानें धडा कोणता घ्यावयाचा? कोणास मदत करूं नये, केल्यास नांव येऊं देऊं नये, हाच ना? वाईट पुस्तकास उत्तर चांगल्या पुस्तकानें द्यावयाचें असतें, आणि तें चांगलें पुस्तक लिहिण्यासाठीं त्याच पोथ्या शाबूत लागतात.

भाविकांची बाजूही आम्ही सोडून देत नाहीं. १९७८ सालीं वि. भि. कोलते यांनीं संपादिलेलें लीळाचरित्र राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलें, तेव्हां पंथीयांनीं त्यावर आक्षेप घेतले आणि तें प्रकरण वादांत सांपडलें. ज्यांनीं सातशें वर्षें पोथी जपली त्यांस, ती छापतांना आपणांस कोणी नीट विचारिलें नाहीं असें वाटावें, हें विद्वानांसही शोभणारें नाहीं. पोथी हा विद्वानास पुरावा असतो, भाविकास ती देवता असते. दोघांनीं एकमेकांची दृष्टि ओळखूनच काम केलें पाहिजे. मात्र भाविकांनींही हें जाणावें कीं, पंथाच्या पूर्वसूरींनीं जे पाठभेद नांवांनिशीं राखले, त्यांची चर्चा करणारा संशोधक हा त्यांचा शत्रु नसून त्यांच्याच मार्गानें जाणारा प्रवासी आहे.

दुसरा आक्षेप, किंबहुना दुसरी खोड, आपल्या विद्वानांची व संस्थांची आहे. एखादी पोथी हातीं आली कीं ती आपणच केव्हां तरी छापूं म्हणून वर्षानुवर्षें कपाटांत ठेवावयाची. दुसरा मागूं आला तर आज चिटणीस नाहींत, उद्यां किल्ली नाहीं, अशीं उत्तरें द्यावयाचीं. आणि शेवटीं ती वाळवीच्या स्वाधीन करावयाची, हा प्रकार आम्हीं अनेक ठिकाणीं ऐकिला आहे. कोणाचें नांव घेण्याची आमची इच्छा नाहीं. ज्यांचें त्यांस ठाऊक आहे. पूर्वींच्या काळीं पोथी हाताबाहेर जाईल ही भीति समजण्याजोगी होती. आतां पोथीचें पान न हलवितां त्याची छायाप्रत घेतां येते, मूळ पोथी मालकाच्या देव्हाऱ्यांतच राहते, आणि प्रत शंभर अभ्यासकांस मिळते. भांडवल तिजोरींत सुरक्षित ठेवून व्याज सर्वांस वांटतां येण्याची अशी सोय दुसऱ्या कोणत्याही व्यवहारांत नाहीं. एवढें असून जो दडवितो, त्याची कृपणता शुद्ध कृपणताच होय.

तिसरी अडचण भाषाभिमानाची आहे. जुन्या मराठीचा अभ्यास मराठीपुरता राहूंच शकत नाहीं. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशीं जो प्रसिद्ध मराठी लेख आहे तो कर्नाटकांत आहे. यादवांच्या राज्यांत कानडी व मराठी लेख शेजारीं शेजारीं कोरले जात. आपण रोज पानांत घेतों तें तूप आणि सुपारी कातरण्याचा अडकित्ता, हे शब्द कानडीशीं नातें सांगतात. महानुभाव पंथ पंजाबांत गेला, तेथें तो जयकृष्णी या नांवानें ओळखला गेला, आणि मराठी पोथ्याही त्याबरोबर गेल्या. गोव्यांतून सोळाव्या शतकांत रोमन लिपींत उतरून घेतलेल्या कोंकणी व मराठी कथाकाव्यांच्या पोथ्या आज पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत आहेत. ज्या भूमींत देशी पोथ्यांचा नाश झाला, तेथील कांहीं शब्द परक्याच्या लिपींत परदेशीं जगले. म्हणजे कानडी पंडित, पंजाबी पंथबंधु आणि पोर्तुगीज ग्रंथपाल यांची मैत्री केल्यावांचून आपणांस आपल्याच भाषेचा इतिहास पुरा करतां येणार नाहीं. सीमेच्या वादांत दोन्ही प्रांतांनीं काय भूमिका घ्यावी हा प्रश्न वेगळा आहे. पण शिलालेखाच्या दगडास सीमा ठाऊक नव्हती, आणि त्याच्या वाचकानेंही ती दारांतच ठेवून आंत यावें हें बरें.

मग करावें काय? आमच्या सूचना थोड्या आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक सरकारची वाट न पाहतां अमलांत आणण्यासारख्या आहेत. महाराष्ट्रांतील प्रत्येक मंडळानें, मठानें व ग्रंथसंग्रहालयानें आपल्याजवळच्या पोथ्यांची यादी छापून सर्वांस पाहण्यास खुली करावी. छायाप्रती मागणाऱ्यास वाजवी खर्च घेऊन त्या देण्याचा नियम करावा, आणि तो अध्यक्षांच्या मर्जीवर ठेवूं नये. रिद्धपूर येथें आतां मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालें आहे. म्हाइंभटांच्या भूमींत तें आहे, तेव्हां तेथें जुन्या मराठीबरोबर कानडी, प्राकृत, फारसी व सांकेतिक लिपि शिकविण्याची सोय व्हावी, आणि महंत व प्राध्यापक एका बैठकीवर बसावे. प्रत्येक ग्रंथांत पोथीचा मालक, वाचक व नकलनवीस यांचीं नांवें द्यावीं, आणि मुलींस व सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस या अभ्यासांत मुद्दाम ओढून आणावें. ज्या भाषेचे पहिले ग्रंथ म्हाताऱ्या बायांस समजावे म्हणून संस्कृत टाळून मराठींत लिहिले गेले, तिचा अभ्यास थोड्या घराण्यांची मिरास होऊन बसणें हा त्या ग्रंथकारांचा उपहास होय.

व्यापारी बंधूंस आमची वेगळी विनंति आहे. आपल्यापैकीं पुष्कळांच्या वाड्यांत माळ्यावर रुमालांत बांधलेल्या मोडी कीर्दी-खतावण्या आहेत. त्या यादवकाळच्या नसतील. परंतु त्यांत शेंदोनशें वर्षांचे भाव, मापें, मालाचीं नांवें व बाजारची बोली साठविलेली आहे, आणि जुनी अक्षरें वाचण्याचा हात अशाच कागदांवर बसतो. रद्दींत घालण्यापूर्वीं त्या एखाद्या जाणत्यास दाखवाव्या. दुसरें असें कीं, एका होतकरू विद्यार्थ्यास दोन वर्षें मोडी व जुनी मराठी शिकण्यासाठीं वेतन देणें हा खर्च एखाद्या व्यापारी संघास जड नाहीं. उत्सवाच्या मंडपास, कमानीस व रोषणाईस आपण जें देतां त्याचा लहानसा अंश या कामीं दिला तरी प्रत्येक मोठ्या गांवीं एक वाचणारा तयार होईल. पाटणच्या पेठेंतील घाणेवाल्याच्या घाण्यामागें ज्योतिषाच्या मठाचा हक्क लावण्यांत आला होता. आजच्या पेठेवर तसा हक्क बसविणारा राजा उरला नाहीं, म्हणून तो आपण होऊनच बसवून घ्यावा लागेल.

अभिजात हा शब्द जन्मानें श्रेष्ठ असा अर्थ सुचवितो. जन्माच्या श्रेष्ठपणावर जगणारीं घराणीं कशीं लयास जातात हें महाराष्ट्रानें पुष्कळ पाहिलें आहे. आपल्या भाषेस जन्माचा मान मिळाला. आतां कर्माचा मान मिळविणें आपल्या हातीं आहे. तो घोषणांनीं मिळणार नाहीं, परक्यांचा द्वेष करून मिळणार नाहीं, आणि पोथ्या कुलपांत ठेवून तर मुळींच मिळणार नाहीं. ज्याच्याजवळ पोथी आहे त्यानें ती दाखवावी, ज्यास वाचतां येतें त्यानें शिकवावें, ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें द्यावा, आणि ज्यानें घेतलें त्यानें देणाऱ्याचें नांव सांगावें. हा व्यवहार सचोटीचा आहे. आणि सचोटीच्या व्यवहारांत तोटा येत नाहीं, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावयास नको.